उतारूंशी बोलणारा नावाडी

पाण्याच्या टाकीपाशी पोचलं की दोघं वळायची. टाकीच्या कठड्याला हात लावायचा नि परत फिरायचं, हा नेम ताईनंच घालून दिलेला. त्या संध्याकाळी धाकट्यानं कठड्याला हात लावला आणि वळायच्या ऐवजी तो कालव्याच्या कडेनं तसाच पुढं चालत राहिला.

“अरे मुंगळ्या, घर इकडे आहे,” ताई म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग?”

“आज थोडं पुढं जाऊ.”

ताईनं चपलेचा पट्टा नीट केला आणि ती मुकाट्यानं त्याच्या मागं निघाली. भाऊ तिच्याकडं राहायला आला त्याला आता बरेच आठवडे झाले होते, आणि इतक्या दिवसांत ‘थोडं पुढं जाऊ’ एवढंही तो आपणहून बोलला नव्हता. जेवलास का, तर जेवलो. झोप लागली का, तर लागली. वर्षानुवर्षं एका खुर्चीत बसून त्याची कंबर धरली होती, पावलं सुजायला लागली होती, म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी बोलायलाही सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं ताईला वाटायचं.

मुंगळ्या हे त्याचं घरातलं नाव. लहानपणी एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटायचा नाही, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. आता कानावरचे केस पांढरे झालेल्या माणसाला मुंगळ्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. लग्न त्यानं केलं नाही. दुसऱ्या शहरात भाड्याची एक खोली, तिच्यात एक पलंग, एक कॉम्प्युटर आणि खिडकीत कपडे वाळत घालायची दोरी. ताई एकदाच तिथं गेली होती, आणि त्या दोरीवर एकाच रंगाचे चार शर्ट बघून तिला का कोण जाणे रडू आलं होतं.

त्याची नोकरी गेली एवढंच तिला ठाऊक होतं. कशी गेली हे विचारायचं तिच्या जिवावर यायचं. ती कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला लावलेला मोठा आरसा, आणि कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या पँटींचा ढीग. गिऱ्हाइकं विचारायची, भाऊ काय करतो हो? ती सांगायची, कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यापुढं तिलाही काही सांगता आलं नसतं.

टायरवाल्याचं दुकान मागं पडलं. गोदामांच्या लांबलचक भिंती लागल्या. एक कुत्रं थोडा वेळ त्यांच्याबरोबर चाललं आणि यांच्यात काही राम नाही असं बघून परत फिरलं.

“ताई, मी तिथं काय काम करायचो, माहीत आहे तुला?”

“गेम बनवायचास.”

“बनवायचे दुसरे. मी होडी चालवायचो.”

ताईनं त्याच्याकडं नीट बघितलं. डोक्यावर परिणाम झालेला माणूस चालताना कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं, पण हा तसा दिसत नव्हता.

मग धाकट्यानं सांगायला सुरुवात केली. तो सांगत होता समोर बघून, ती ऐकत होती त्याच्या चपलांकडं बघून.

त्या गेममध्ये एक मोठी नदी होती. लोक आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढं बसून गेममध्ये शिरायचे, लढाया करायचे, खजिने शोधायचे. पण अलीकडच्या देशातून पलीकडच्या देशात जायचं तर होडीतूनच जावं लागे. होडी मुद्दाम संथ ठेवलेली. कंपनीच्या जुन्या मालकाचं म्हणणं असं, की माणसं सारखी पळत असतात, त्यांना थोडा वेळ एका जागी बसवलं तर ती एकमेकांशी बोलतील. आणि होडीत एक म्हातारा नावाडी. उतारूंनी काही लिहून विचारलं तर तो उत्तर द्यायचा. खेळणाऱ्यांना वाटायचं ते यंत्र आहे. ते यंत्र नव्हतं. पाळीपाळीनं बसणारी माणसं होती, त्यांतला एक धाकटा.

“म्हणजे लोक खेळायला यायचे आणि तू त्यांच्याशी गप्पा मारायचास? त्याचा पगार द्यायचे?”

“द्यायचे.”

“बघ. मी माप घेताना जन्मभर फुकट गप्पा मारल्या.”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. ताईनं मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

“एक नियम होता,” तो म्हणाला. “आपण माणूस आहोत हे सांगायचं नाही. काय वाटेल ते बोला, पण नावाडी म्हणून बोला. आणि लोक काय काय बोलायचे, ताई. एकजण रोज तक्रार करायचा, होडीत घोडा का नेता येत नाही. घोडा चढवायची सोय केली, तर म्हणाला, आता घोडा मध्ये येतो, पलीकडचं दिसत नाही. एकाला होडी कधीमधी बुडायला हवी होती, त्याशिवाय मजा नाही. एकानं तर लिहिलं होतं, नदीत पाणी फार आहे.”

“अरे, माझ्याकडं येतात तसलेच. माप देतात एका अंगाचं आणि घालायला येतात दुसरंच अंग घेऊन. वर म्हणतात, शिवण चुकलं.”

“तसंच. पण राग यायचा नाही. त्यांनी जीव लावलेला असतो गं. जीव लावला की माणूस हक्कानं भांडतो. आणि जीव लावलेल्या माणसाच्या खिशात हात घालणं सोपं, हे नव्या साहेबाला बरोबर कळलं.”

जुन्या मालकानं कंपनी विकली होती. घेणारी कंपनी मोठी, तिच्या कितीतरी गेम. नवा साहेब आला, हसतमुख, सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारा. त्यानं आधी नावाडी कमी केले. एकेक खुर्ची रिकामी होत गेली आणि शेवटी त्या लांब टेबलाशी धाकटा एकटाच उरला. बाकीच्या खुर्च्या कुणी हलवल्या नाहीत. दुपारी तो डबा उघडायचा तो त्या खुर्च्यांच्या पुढ्यात. मग साहेबानं नदी हातात घेतली. होडीसाठी रांग लागायची ती मुद्दाम लांबवली, इतकी की उभं राहून माणूस वैतागावा, आणि ज्याला रांग नको त्याच्यासाठी सोनेरी चिठ्ठी विकायला काढली. खरे पैसे मोजून घ्यायची चिठ्ठी. आणि ती विकायची कुणी, तर नावाड्यानं. कारण लोकांचा विश्वास नावाड्यावर.

“म्हणजे आधी खड्डा खणायचा आणि मग फळी भाड्यानं द्यायची,” ताई म्हणाली.

“हो. आणि फळीवाला मी.”

“मग नाही म्हणायचंस.”

“म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी होडी माझ्याकडं नसती.”

“नसती तर नसती. काय सोनं लागलं होतं त्या होडीला?”

कालव्यावरचा छोटा पूल आला होता. धाकटा पुलाच्या कठड्यावर बसला आणि पाय चोळू लागला. ताईही बसली. खाली पाणी जवळजवळ थांबलेलं, त्यावर एक प्लास्टिकची बाटली एकाच जागी डुलत होती.

“एक उतारू होता,” तो म्हणाला. “होता की होती, ठाऊक नाही. निळी शाल पांघरलेली आकृती. रोज संध्याकाळी यायची, माझ्या समोरच्या फळीवर बसायची, पलीकडं उतरायची आणि पुढच्या खेपेला परत अलीकडं. खजिना नको, लढाई नको. नुसती बसायची. कधी एक अक्षर लिहिलं नाही. उतरताना हात वर करायची, तेवढंच.”

“मग?”

“मग मीच बोलायचो.”

“उत्तर न देणाऱ्याशी?”

“तू रोज सकाळी देवाशी बोलतेस. तो कधी बोलला?”

“तो देव आहे, गाढवा.”

“असेल. मला त्यातलं कळत नाही. पण उत्तराची घाई नसलेलं कुणीतरी समोर बसलंय, एवढं कळायचं. आधी नावाड्याचं बोलायचो, आज वारा आहे, पाणी चढलंय. मग हळूहळू आपलंच सांगायला लागलो. आईचं आजारपण सांगितलं. वडील गेले तेव्हा मला पोचायला उशीर झाला, ते सांगितलं. तुझं सांगितलं.”

“माझं काय?”

“माझी एक बहीण आहे, कपडे शिवते. शिवताना तोंडात टाचण्या धरून बोलते, म्हणून तिचं निम्मं बोलणं मला कधी कळलंच नाही.”

वडील गेले तेव्हा उशीर झाला याची बोच त्याला आहे, हे ताईला आज पहिल्यांदा कळत होतं, तेही या पुलावर, वर्षं उलटून गेल्यावर. परक्याला, ज्याचं तोंड बघितलं नाही त्याला, हे सगळं आधीच ठाऊक होतं.

“मला का नाही सांगितलंस कधी?”

“तू लगेच उपाय सांगतेस, ताई.”

तिच्या ओठांवर उपायच आला होता. ती तो गिळून बसली.

पुढचं धाकट्यानं थांबत थांबत सांगितलं. चिठ्ठ्या सुरू झाल्या आणि निळी शाल रांगेत अडकली. तिनं चिठ्ठी घेतली नाही. रोज यायची, रांगेत उभी राहायची, आणि धाकट्याची कामाची वेळ संपेपर्यंत तिचा नंबर लागायचाच नाही. होडीत बसून त्याला काठावरची ती निळी आकृती दिसायची. आणि तो, साहेबानं लिहून दिलेलं वाक्य काठावरच्या सगळ्यांना ऐकवायचा, बाबांनो, सोनेरी चिठ्ठी घ्या, थांबायचं कारण नाही. लोक शिव्या द्यायचे. नावाडी विकला गेला म्हणायचे. ज्यांना होडी संथ म्हणून आवडायची तेच म्हणायचे, आधीच संथ, त्यात वर पैसे. निळी शाल काही म्हणायची नाही. उभी राहायची.

“नदीच्या वरच्या अंगाला एका वाकड्या झाडामागं पाण्याखाली दगड मांडलेले होते,” तो म्हणाला. “गेम बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी करून ठेवलेली वाट. जपून पाय टाकला तर चालत पलीकडं जाता यायचं, फुकट. आम्हा जुन्या लोकांनाच ठाऊक. एके दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, हिला एकटीला सांगू.”

“सांगितलंस?”

“सांगितलं. पण बोलायच्या दोन चौकटी असायच्या. एकीत लिहिलेलं एकालाच दिसतं, कानात सांगितल्यासारखं. दुसरीतलं सगळ्या काठाला. दिवसभर चिठ्ठ्या विकून विकून माझी बोटं त्या दुसऱ्या चौकटीवर बसलेली. त्याच चौकटीत लिहिलं. वाकडं झाड, दगड, सगळं.”

ताईनं कपाळाला हात लावला.

“आख्खा काठ धावला, ताई. माणसांवर माणसं. काय आनंद झाला होता त्यांना. नावाडी आपला आहे म्हणून नाचत होते. आणि एवढी गर्दी दगडांवर असताना साहेबाच्या माणसांनी ती वाट काढून टाकली. मध्येच. पायाखालचे दगड गेले आणि खोल पाणी झालं. बुडाले की त्यांच्याजवळचं सगळं जातं, वर्षानुवर्षं खेळून मिळवलेलं. लोकांना वाटलं, नावाड्यानंच डाव टाकला. चिठ्ठी घेत नाही काय, घ्या मग, असा. मी सांगायला लागलो, माझी चूक झाली, मी माणूस आहे, हे माझ्याकडून झालं. तेवढ्यात पडदा काळा झाला. माझं खातं बंद केलं होतं.”

“आणि ती निळी?”

“तेच तर. ती दगडांवर होती का काठावर, मला दिसलंच नाही.”

खालची बाटली आता पुलाखाली सरकली होती. ताईनं पदराच्या टोकाशी चाळा केला. एखाद्या खेळातली शाल पांघरलेली बाहुली बुडाली की नाही, यासाठी एवढा मोठा माणूस इतके आठवडे तोंड मिटून बसला होता, हे कुणाला सांगितलं तर हसतील. तिला हसू येत नव्हतं.

नोकरीवरून काढताना कुणी आवाज चढवला नाही, असं त्यानं सांगितलं. काचेच्या खोलीत बसवलं, एका बाईनं पाणी दिलं, ओळखपत्र काढून घेतलं. जाताना कागदावर सही घेतली, की यापुढं त्या गेममध्ये पाऊल टाकणार नाही, खेळणाऱ्यांपैकी कुणाशी त्याबद्दल बोलणार नाही. बोलला तर शेवटचे पैसेही मिळणार नाहीत आणि वर कोर्टकचेरी. त्यानं सही केली.

“आणि होडी? आता कोण चालवतं?” ताईनं विचारलं.

“यंत्र. खरंखुरं यंत्र. मी इतकी वर्षं जे जे लिहिलं ते सगळं त्यांनी साठवून ठेवलं होतं. मला म्हणाले, ती वाक्यं कंपनीची. त्यावरनंच त्याला शिकवलं. आता ते माझ्यासारखं बोलतं.”

ताई चटकन त्याच्याकडं वळली. “म्हणजे माझ्या टाचण्यासुद्धा?”

“सांगत असेल कुणालातरी.”

“आणि आईचं?”

“तेही असेल.”

ताईला पहिल्यांदाच राग आला. आजवर तिनं ज्या नव्या साहेबाला पाहिलंही नव्हतं, त्याचा. आईच्या आजारपणातल्या रात्री तिनं काढल्या होत्या. त्या आता कुठलीशी होडी कुणाकुणाला ऐकवत होती आणि मध्येच चिठ्ठी घ्या म्हणत होती. पण राग काढायचा कुणावर. ती उठली. “चल. अंधार पडतोय.”

परतीच्या वाटेवर दिवे लागले होते. गोदामांच्या भिंतींवर दोघांच्या सावल्या लांब व्हायच्या, पुढच्या दिव्याखाली पायाशी यायच्या. टाकी आली तशी ताईनं सवयीनं कठड्याला हात लावला. धाकटा तिथं थांबला.

“मला एकच खातंय, ताई. नोकरी गेली ते जाऊ दे. लोकांनी शिव्या दिल्या, देऊ देत, त्यांचं खरंच गेलंय. पण ती जर वाचली असेल आणि अजून येत असेल, तर समोर बसलेला मीच आहे असं तिला वाटणार. तेच शब्द, तेच वारा नि पाणी. तिला वाटणार, यानं मला बुडवायला पाठवलं आणि आता काही झालंच नाही असा बोलतोय. आणि पुन्हा चिठ्ठी मागतोय.”

“तू दुसऱ्या कुणाच्या नावानं जा की.”

“सही केलीये. आणि गेलो तर मी गप्प राहणार नाही, मला माहीत आहे.”

ताई पुढं काही सुचवणार होती. तिनं सुचवलं नाही. ओठ मिटून उभी राहिली, टाचण्या धरल्यासारखी, आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याला ते समजलं असावं, कारण तो बोलायचा थांबला आणि मग अगदी हळू, लहानपणी काही मागायचं असलं की बोलायचा त्या आवाजात म्हणाला,

“तू जाशील?”

“मी? मला त्या फोनवर साधा मेसेज धड लिहिता येत नाही.”

“मी शिकवतो. लढायचं नाही, काही नाही. बाहुली घ्यायची, नदीपर्यंत चालत न्यायची.”

“यात खोटं काही नाही ना? देवाच्या दारात मला जाब द्यायचाय.”

“काही नाही. तू साधी उतारू. घरी बसून तुला कोण गेम खेळू नको म्हणणार आहे? आणि सांगायचं तेही खरंच सांगायचं.”

“काय सांगायचं?”

“निळी शाल दिसली, तर तिच्या शेजारी जाऊन उभी राहा. कानातली चौकट कुठली ते मी दाखवतो, तिच्यातच लिही. लिही, की हा जुना नावाडी नाही. जुना घरी आहे, बहिणीकडं. त्यानं तुला मुद्दाम पाण्यात घातलं नाही. एवढंच. ती काही बोलणार नाही. तिनं हात वर केला तर मला येऊन सांग.”

“आणि नाही दिसली तर?”

धाकट्यानं कठड्यावरून हात फिरवला. सिमेंट दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होतं.

“रांग फार मोठी असेल, ताई. नावाडी तुला सारखा सांगेल, माझ्या आवाजात सांगेल, गोड बोलून सांगेल, की चिठ्ठी घे. तू घेऊ नकोस. ती जिथं उभी राहायची तिथं उभी राहा, आणि थांब. रोज थोडा वेळ. थांबशील?”